ह्यांच्या वाटणीचा समुद्र

कंपनीत कुणी रिटायर झालं की त्याच्या डिपार्टमेंटची पोरं वर्गणी काढून काहीतरी देतात. बहुतेकांना अंगठी मिळते, नाहीतर भिंतीवरचं मोठं घड्याळ. आमच्या शेजारच्या भाऊंना मिक्सर मिळाला होता, तो त्यांच्या सुनेनं पहिल्याच महिन्यात जाळला. आमच्या ह्यांची पाळी आली तेव्हा प्रेस शॉपमधल्या, म्हणजे पत्रा दाबायच्या खात्यातल्या, पोरांनी त्यांना आधीच विचारून घेतलं. मला त्यातलं काही माहीत नव्हतं. मला कळलं ते थेट निरोप समारंभात.

समारंभ कंपनीच्या कॅन्टीनमध्ये होता. रिटायर होणाऱ्याच्या बायकोला पहिल्या रांगेत बसवायची पद्धत आहे, म्हणून मी पहिल्या रांगेत बसले होते. मला शेवटची रांग चालली असती. हार झाला, शाल-श्रीफळ झालं, साहेब बोलले. मग एका पोरानं माइक घेतला आणि म्हणाला, "आम्ही तात्यांना अंगठी करणार होतो. तात्या म्हणाले, अंगठी नको, मला बुडवा. आता इतकी वर्षं त्यांनी आम्हाला रोज शिव्या घातल्यात, त्यामुळं आम्ही लगेच हो म्हणालो, राव!"

सगळं कॅन्टीन हसलं. हेही हसले, पण जरा उशिरा, कारण शेजारच्याला त्यांच्या कानात परत सांगावं लागलं.

पाकीट उघडलं. त्यात स्कूबा डायव्हिंगचं बुकिंग होतं. आधी आकुर्डीच्या पोहण्याच्या तलावात शिकायचं, मग मालवणला जाऊन समुद्रात उतरायचं, बोट, राहणं, जेवण सगळं त्यात. आणि ते दोघांचं होतं. "जोडीनं!" असं तो पोरगा माइकवर ओरडला, तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि मी मांडीवरच्या रुमालाकडं बघत बसले.

स्कूबा म्हणजे काय ते मला चांगलं माहीत होतं. आमच्या घरात रोज संध्याकाळी मोबाइलवर तेच चालायचं. पाठीवर नळकांडं, तोंडात नळी, आणि माणसं माशांच्या मधून पोहतायत. ह्यांना कमी ऐकू येतं म्हणून आवाज मोठा ठेवायचे. त्या व्हिडिओत नुसते बुडबुडेच वाजतात. वरच्या मजल्यावरची बाई एकदा विचारायला आली, तुमची टाकी भरून वाहतेय का?

ह्यांना हे वेड का लागलं ते सांगायला पाहिजे. ह्यांचं गाव चऱ्होली. लहानपणापासून हे विहिरीत बुडी मारण्यात पटाईत. कुणाची घागर पडली, पंपाचा पाइप खाली अडकला, कुणा नव्या सुनेचं पैंजण पडलं, की ह्यांना बोलावणं यायचं. दोन परस, तीन परस, म्हणजे दोन-तीन माणसं उभी बुडतील एवढं पाणी असलं तरी छाती भरून श्वास घ्यायचा आणि सरळ तळाला. पण विहिरीचं पाणी हिरवं. जरा खाली गेलं की अंधार. तळाला गेल्यावर डोळ्यांचा उपयोग नाही, गाळात हात घालून चाचपडायचं आणि जे लागेल ते वर आणायचं. हे मला कितीदा तरी म्हणालेत, "मी गावातल्या समद्या हिरींचा तळ वळखतो, पर बघितला एकबी न्हाई."

आता त्यांतल्या बहुतेक विहिरी बुजल्या. त्यावर इमारती झाल्या. एकदा आम्ही एका पूजेला गावी गेलो होतो, तेव्हा हे एका सोसायटीच्या गेटमधून आत निघाले. वॉचमननं अडवलं, "कुणाकडं जायचंय?" हे म्हणाले, "हिरीकडं." वॉचमननं वहीत फ्लॅट नंबर शोधला. हे खूप हसले त्यावर, घरी येईपर्यंत हसत होते. पण मोबाइलवरचे व्हिडिओ त्याच आठवड्यापासून सुरू झाले, हे माझ्या लक्षात आहे.

तर पाकीट मिळालं आणि हे लहान मुलासारखे झाले. कुरुळीत आमच्या गल्लीत एक माणूस राहिला नाही ज्याला ह्यांनी सांगितलं नाही. मग कळलं की पाण्यात उतरण्याआधी डॉक्टरचा दाखला लागतो. हे ऐटीत गेले. मीही बरोबर होते. कानाच्या डॉक्टरनं डावा कान बघितला, ठीक म्हणाला. उजव्या कानात दुर्बीण घातली आणि बराच वेळ बघत राहिला.

"काका, पडद्याला भोक आहे. जुनं आहे."

"आसंल. हिरीच्या पाण्यानं लई येळा पिकला हुता."

"ह्या कानानं खोल पाण्यात जायचं नाही. पाणी आत शिरलं तर चक्कर येईल. वर कुठं आणि खाली कुठं तेसुद्धा कळणार नाही."

"मला कळंल की. बुडबुडं जिकडं जात्यात तिकडं वर."

डॉक्टर हसला, पण सही केली नाही. माझ्या कागदावर मात्र त्यानं दोन मिनिटांत सही केली. माझे कान, नाक, छाती सगळं चांगलं निघालं. ते बघून मला रडू यायचं बाकी राहिलं.

घरी येऊन हे दोन दिवस बोलले नाहीत. आमच्या घरात हे बोलले नाहीत तर कुणीच बोलत नाही, कारण माझं तोंड लहानपणापासून बंद. मी कुरुळीतल्याच एका वर्कशॉपमध्ये रबराच्या रिंगा तपासून पाकिटात भरते. माझ्या शेजारी बसणारी बाई मला म्हणते, "रिंगांबरोबर तुझ्या तोंडाचंबी पॅकिंग केलंय का गं?" मला त्याचं वाईट वाटत नाही. मी ऐकते सगळं. फक्त मला सांगता येत नाही. चार माणसं माझ्याकडं बघायला लागली की आतले शब्द आतच बसतात.

तिसऱ्या दिवशी चहा पिताना हे म्हणाले, "तू जा."

मी कप खाली ठेवला.

"पोरांनी वर्गणी काढलीय. वाया घालवायची व्हय? तू जा. आणि मला येऊन सांग."

"मला नाही जमायचं हो."

"पाण्यात जायाला?"

"ते नाही. सांगायला."

ह्यांनी बशीतला चहा संपवला. मग म्हणाले, "व्हय, त्ये खरं हाय. तू भाचीच्या लग्नाला दोन दिवस जाऊन आलीस, तर मला अजून कळलं न्हाई जेवायला काय हुतं."

"मसालेभात होता."

"बघ! पाच वर्सांनी कळलं!" आणि मग त्यांचा आवाजच बदलला. "मला आता जाता यायचं न्हाई. माझ्या वाटणीचं तूच बघायचं. बारीकसारीक बघायचं आन् बारीकसारीक सांगायचं. त्येवढंच मागतोय."

ह्यांनी लग्नानंतर माझ्याकडं काही मागितलेलं मला आठवत नाही. चहासुद्धा मागत नाहीत, स्वतः करून घेतात. मी हो म्हणाले.

आकुर्डीच्या तलावावर सकाळी बायकांची बॅच सुटली की खोल भागात आमची शिकवणी असायची. शिकवणारी मॅडम माझ्या मुलीच्या वयाची, केस बारीक कापलेले, पाण्यातच जन्मल्यासारखी. तिनं मला काळा जाड सूट दिला, गळ्यापासून घोट्यापर्यंत. तो घालायला मला आणि तिला दोघींना ओढाओढ करावी लागली. मला वाटलं होतं उघड्या अंगानं उतरावं लागेल आणि मी पळून जाणार होते. तसं काही नव्हतं. सगळं झाकलेलं होतं. फक्त डोकं आणि तोंड उघडं होतं.

म्हणून मी वरून स्कार्फ बांधला.

आमच्याकडं गाडीवर जाणारी बाई स्कार्फ कशी बांधते ते सगळ्यांना माहीत आहे. केस, कपाळ, गाल, हनुवटी, सगळं आत आणि फक्त डोळे बाहेर. लोक धुळीसाठी बांधतात, उन्हासाठी बांधतात. मी माणसांसाठी बांधते. बसस्टॉपवर, बाजारात, कामाला जाताना, स्कार्फ असला की मला घरात असल्यासारखं वाटतं. तोंड मोकळं असलं की वाटतं सगळे माझ्याकडंच बघतायत.

मॅडम म्हणाली, "काकू, स्कार्फ काढा. मास्क चेहऱ्याला चिकटला पाहिजे. मध्ये कापड आलं की पाणी आत येतं."

मी मान हलवली. नाही.

"बरं, तोंडावरचा तरी काढा."

तोंडावरचा मी काढला. नळी तोंडात घ्यायची म्हटल्यावर काढावाच लागला. पण कपाळावरचा आणि गालांवरचा राहू दिला. मॅडमनं उसासा टाकला आणि म्हणाली, "ठीक आहे, स्वतः बघा काय होतं ते."

ती म्हणाली होती तसंच झालं. पाण्याखाली गेले की स्कार्फच्या कडेनं पाणी मास्कमध्ये शिरायचं. आधी भुवयांवर, मग डोळ्यांत, मग नाकापर्यंत. अशा वेळी मास्क कपाळाशी दाबून नाकातून जोरात हवा सोडायची, म्हणजे पाणी खालून निघून जातं. ते तिनं मला पहिल्याच दिवशी शिकवलं. मी पाणी काढायची, परत भरायचं. परत काढायची, परत भरायचं. तलावाचा तळ कसा आहे ते काही मला दिसलं नाही, सगळा वेळ नाक शिंकरण्यात गेला. मॅडम वर आल्यावर म्हणाली, "काकू, मास्क रिकामा करण्यात तुमचा हात धरणारं कोणी नाही. पण बघणार कधी?"

हे रोज बरोबर यायचे. काठावरच्या पायरीवर चहाचा थर्मास घेऊन बसायचे आणि सूचना द्यायचे. "श्वास धरू नगस! आता सोड!" मॅडम सांगायची, "काका, ह्यात श्वास कधीच धरायचा नसतो. तुमची विहीर वेगळी. तुम्ही जरा गप्प बसा." हे परत सूचना द्यायचे. मॅडमनं मला विचारलं, "त्यांना ऐकू येत नाही का?" मी आयुष्यात पहिल्यांदा परक्या माणसासमोर चेष्टा केली. मी म्हणाले, "येत नाही. आणि आलं तरी ऐकत नाहीत."

मॅडम इतकी हसली की मलाच लाज वाटली.

पण दिवस सरत होते. मालवणला जायची तारीख ठरलेली होती आणि मॅडमनं स्पष्ट सांगितलं, की मास्कमध्ये पाणी येत असेल तर मी तुम्हाला खाली नेणार नाही, समुद्रात असं चालत नाही. हे मी ह्यांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी तलावावर गेलो. त्या दिवशी कसली तरी शाळांची स्पर्धा होती. पोरं, पोरांच्या आया, सर, सगळा काठ भरलेला. मी खाली मान घालून, स्कार्फ घट्ट बांधून कशीबशी पाण्यात उतरले. मास्क लावणार तेवढ्यात ह्यांचा आवाज आला. ह्यांना स्वतःचा आवाज किती मोठा आहे ते कळत नाही.

"अगं ए! फडकं काढ त्ये! हितं तुला वळखतंय कोण?"

सगळा काठ माझ्याकडं बघायला लागला.

"मी सोडून!" हे परत ओरडले. "आन् मी तुला बघितलीय!"

बायका खो खो हसायला लागल्या. एका सरांनी तोंडावर हात घेतला. मला इतका राग आला, इतका राग आला, की मी स्कार्फ ओढून काढला आणि ह्यांच्या अंगावर फेकला. तो ओला होता, फट्कन जाऊन ह्यांच्या टकलावर बसला. आता तर पोरंही हसायला लागली. आणि माझे केस मोकळे, तोंड उघडं, आणि शंभर डोळे. लपायला जागा एकच होती. मी मास्क लावला, नळी तोंडात घातली, नळकांड्याच्या जाकिटातली हवा सोडायची तशी सोडली आणि खाली गेले.

खाली शांत होतं.

मास्कमध्ये पाणी आलं नाही. मी वाट बघितली, आलंच नाही. निळ्या फरश्या दिसल्या, फरशांमधल्या पांढऱ्या रेघा दिसल्या, एक केसांची पिन पडलेली दिसली. माझा श्वास मला ऐकू येत होता. इथं कुणी काही विचारणार नव्हतं, बोलायला तोंडच मोकळं नव्हतं. आणि मास्क लावल्यावर माझे फक्त डोळेच दिसत होते. तो स्कार्फच होता की, काचेचा.

मॅडम मागून आली. तिनं बोटानं गोल करून विचारलं, ठीक आहे का? मी गोल करून दाखवलं, ठीक. थोड्या वेळानं तिनं अंगठा वर केला, म्हणजे वर चला. मी मान हलवली. नाही. तिनं परत अंगठा दाखवला, मी परत नाही. वर बघितलं तर पाण्यातून ह्यांचा आकार हलत होता, पायरीवर उभे, आणि डोक्यावर अजून माझा स्कार्फ. मला पाण्याखाली हसू आलं. पाण्याखाली हसलं की मास्कमध्ये पाणी येतं, हे तेव्हा कळलं. पण ते काढण्यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं.

मालवणला आम्ही थंडीत गेलो, तेव्हा पाणी स्वच्छ असतं म्हणतात. सकाळी बोटीत आम्ही दोघं, मॅडम, बोटवाले काका आणि नाशिककडचं एक कुटुंब होतं. ह्यांना नारिंगी जाकीट घातलं होतं, त्यात ते पालखीत बसवल्यासारखे दिसत होते. बोटीत ह्यांनी मला परत परत सांगितलं, "घाई करू नगस. आधी तळ बघ. मग बाजू बघ. मंग वर बघ." मॅडम म्हणाली, "काका, काकू विहीर उपसायला चालल्या नाहीत." हे म्हणाले, "तळ त्यो तळ."

बोट थांबली. बोटवाल्या काकांनी खाली बोट दाखवून सांगितलं, की इथं जुनी मच्छीमारी बोट बुडालेली आहे आणि तिच्या बाजूला पोवळ्याचे खडक आहेत. मी काठावर पाठ करून बसले. ह्यांनी माझा खांदा दाबला. मी मास्कवर हात ठेवला आणि मागं पडले.

पहिल्यांदा सगळं पांढरं झालं, बुडबुडेच बुडबुडे. मग ते वर गेले आणि खाली हिरवट निळं उघडलं. आम्ही दोरीला धरून उतरलो. थोडं उतरलं की कान दुखायचे, नाक दाबून हळूच फुंकलं की मोकळे व्हायचे. प्रत्येक वेळी कान मोकळा झाला की मला ह्यांचा उजवा कान आठवायचा. मी मनात पाठ करत होते. पाणी वर हिरवट, खाली निळं. गार आहे पण बोचत नाही. आवाज आहे, तेलात मोहरी तडतडते तसा बारीक, सगळीकडून. हे सांगायचं. हेही सांगायचं.

तळ आला. पांढरी वाळू होती, तिच्यावर लाटांनी बोटं फिरवल्यासारख्या रेघा. आणि खडक. मी खडक म्हणते पण ते खडकासारखे नव्हते. एक होता अनारशासारखा, सगळा बारीक जाळीचा. एक फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा, पण बैलाएवढा. एकाचा रंग जांभळा, आपण मूग भिजवून मोड आणतो तशी वर बारीक टोकं. एका ठिकाणी शेवयांचा झुबका हलत होता आणि त्यात एक छोटा मासा आत-बाहेर, आत-बाहेर करत होता, पाहुणे आल्यावर स्वयंपाकघरातल्या बाईसारखा. मॅडमनं हात लावू नका अशी खूण केली. मी दोन्ही हात पोटाशी बांधून घेतले.

मग पिवळे-काळे पट्ट्यांचे मासे आले. एक दोन नाही, सगळा घोळकाच. ते माझ्या समोर आले, बाजूला आले, मागं गेले. माझ्या तोंडाजवळ येऊन मास्कमध्ये बघत होते. सगळे माझ्याकडंच बघत होते आणि मला काही वाटलं नाही. मी त्यांच्याकडं बघितलं. किती वेळ ते माहीत नाही. तेवढा वेळ मी पाठ करायचं विसरले, ह्यांना विसरले, घर, रिंगा, सगळं विसरले. मला वाटतं मी गाणं म्हणत होते. नळीतून हूं हूं आवाज येत होता आणि मॅडम माझ्याकडं वळून बघत होती.

तिनं मला पुढं नेलं. आधी एक काळी सावली दिसली, मग तिची कड, मग पूर्ण बोट. ती डाव्या कुशीवर झोपली होती, दमलेलं जनावर झोपतं तशी. सगळ्या अंगावर कालवं आणि शेवाळ. जिथं माणूस उभा राहून बोट चालवत असेल त्या खोलीच्या खिडकीत एक मोठ्या ओठांचा मासा बसला होता. तोंड उघडायचा, मिटायचा. मी थोडी जवळ गेले तर त्यानं फक्त डोळा फिरवला. जागेवरून हलला नाही. एका बाजूची फळी निघाली होती तिथून आत उजेड जात होता आणि आत धुळीएवढे छोटे चकाकणारे मासे, असे, की डब्यात चिल्लर हलवावी.

मॅडमनं अंगठा वर केला. ह्या वेळी मी ऐकलं.

वर आले तर ह्यांचं तोंडच पहिलं दिसलं. बोटीच्या काठावर इतके वाकले होते की बोटवाल्या काकांनी त्यांना जाकिटाला धरून ठेवलं होतं. मी शिडीवरून वर आले, बसले, नळी काढली.

"चिखल का वाळू?" हे म्हणाले.

"वाळू."

इंजिन चालू होतं, लाटांचा आवाज होता. हे डावा कान माझ्याकडं करून म्हणाले, "काय?"

"वाळू!"

"आं?"

"पांढरी वाळू! रेघांची!" मी ओरडले. नाशिककडची माणसं वळून बघायला लागली. "तांदळाचं पीठ परातीत हलवल्यासारख्या रेघा!"

"बरं! मंग?"

मग मी सांगायला लागले. ओरडूनच सांगावं लागत होतं. अनारसा सांगितला, फ्लॉवर सांगितला, शेवया सांगितल्या. "खायचंच सांगतीयास," हे म्हणाले, "भूक लागली हुती का?" नाशिकच्या बाई हसल्या आणि जवळ सरकून बसल्या. मी मोहरीचा आवाज सांगितला. हे म्हणाले, आवाज खरंच होता? मी म्हणाले, होता, सगळीकडून होता. मग पिवळे-काळे मासे सांगितले.

"भ्याले का तुला?"

"नाही! तेच मला बघायला आले होते!"

"मंग तू काय केलंस?"

"मी पण बघितलं!"

नाशिकच्या पोरीनं विचारलं, "काकू, तुम्ही आधी किती वेळा केलंय हे?" मी तिला उत्तर द्यायला थांबले नाही. मी सांगता सांगता बुडालेल्या बोटीपर्यंत आले होते. डाव्या कुशीवर आहे म्हणाले, खिडकीत मासा बसलाय म्हणाले, आणि तो तोंड कसं उघडतो ते करून दाखवलं. इंजिन कधी बंद केलं ते मला कळलं नाही. मी शांत समुद्रावर एकटीच ओरडत होते आणि कुणी मला थांबवलं नाही.

हे डोळे मिटून ऐकत होते. विहिरीचं सांगताना डोळे मिटतात तसे. हात जरा पुढं, बोटं हलत होती.

"लाकडी का लोखंडी?"

"अर्धी अर्धी. खाली लोखंडी."

"पत्रा किती जाड आसंल?"

मॅडम म्हणाली, "काका, पत्र्याची जाडी कोण बघतं?" बोटवाले काका म्हणाले, "प्रेस शॉपवाला बघतो." त्यांना ह्यांनी सकाळी सगळी कहाणी सांगून ठेवली होती.

"कालवं बसलीत वरून," मी म्हणाले. "पत्रा दिसतच नाही."

"बरं. आन् मागं पंखा हाय?"

"कसला पंखा?"

"अगं, बोटीला मागं पंखा आसतो, पाणी कापायला. त्यो हाय का कुणी काढून न्हेला?"

मला माहीत नव्हतं. मी मागच्या बाजूला गेलेच नव्हते. बोटवाले काका म्हणाले, नेला असणार, पितळेचा असतो, कोण सोडतंय. हे म्हणाले, "आसणार कशाला म्हंता? बघितल्याबिगर कसं बोलायचं?" त्यावर नाशिकचे भाऊ म्हणाले की पंखा असेल, कारण खाली जाऊन काढायची तसदी कोण घेणार. हे लगेच म्हणाले, "मी घेतली असती." मग तिघांचं जुंपलं. हे, भाऊ आणि बोटवाले काका, पंखा आहे, पंखा नाही. ह्यांचे गाल लाल झाले होते. खाली काय आहे ह्यावर तावातावानं भांडणारा माणूस वर बसून राहिलेला माणूस वाटत नव्हता.

दुसरं नळकांडं एका तासानं होतं. मॅडमनं मला गरम चहा आणि केळं दिलं आणि म्हणाली, "काकू, दमला असाल तर राहू दे. पहिल्या दिवशी एकदा उतरलं तरी पुष्कळ झालं."

मी केळं खाल्लं, पाय पुसले आणि पायात परत ते बदकासारखे पंजे घालायला लागले.

"मागच्या बाजूनं न्या मला," मी मॅडमला म्हणाले. "पंखा बघायचाय."

बोटवाल्या काकांनी नळकांडं पाठीवर चढवून पट्टे आवळले. मी काठावर बसले. हे समोर आले, वाकून माझा मास्क नीट बघितला, कडेला केस आलेत का ते बोटानं चाचपलं, आणि एक बट काढून मागं सारली.

"पंखा असला तर पाती मोज," हे म्हणाले. "तीन का चार. वाकलीत का. आन् गंज कसा हाय त्यो बघ, आन् जाता जाता त्या माशाला..."

पुढचं मला ऐकू आलं नाही. मी मागं पडले होते.